न झिजणारा ॲनोड: ॲल्युमिनिअमसाठी त्याच्यामागे लागावं का?

धातुवेडा
ॲल्युमिनिअम काढायची १८८६ साली हॉल आणि एरू यांनी शोधलेली पद्धत आजही चालू आहे. ९६० अंशांच्या आसपास वितळलेल्या क्रायोलाइट या फ्लोराइड क्षारात ॲल्युमिना (ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड) विरघळवायचा आणि वीज सोडायची. यात कार्बनचा ॲनोड, म्हणजे धन टोक, जळत जातो. टनभर धातूमागे चारशे किलोच्या आसपास कार्बन संपतो, दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तीन-चार आठवड्यांत ॲनोड बदलावा लागतो. न झिजणारा ॲनोड मिळाला तर बाहेर पडेल तो ऑक्सिजन. संशोधनाचा पैसा इथेच लावा, असं माझं ठाम मत आहे.

युनिटवाला
हिशेब अर्धाच मांडलात. कार्बन जळतो म्हणून विजेवरचा भार हलका होतो. तो काढला की सैद्धांतिक व्होल्टेज १.२ वरून २.२ वर जातं. एका व्होल्टला किलोभर धातूमागे सुमारे तीन युनिट वीज जादा. वीज कोळशाची असेल तर त्यातून तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, आणि वाचवला दीड किलो! जिथे जलविद्युत नाही तिथे हा ॲनोड नकोच.

धातुवेडा
अख्खा व्होल्ट अंगावर येत नाही हो. कार्बनच्या पृष्ठभागावर वाया जाणारं व्होल्टेज ऑक्सिजन सोडणाऱ्या ॲनोडवर बरंच कमी असतं. जोडीला टायटॅनियम डायबोराइडचा कॅथोड (ऋण टोक) घ्या. त्यावर वितळलेला धातू नीट पसरतो, त्यामुळे इलेक्ट्रोडमधलं चार-पाच सेंटिमीटरचं अंतर घटवता येतं.

पॉटरूम
व्होल्टचा वाद नंतर घाला, आधी तो ॲनोड टिकतो का ते सांगा. क्रायोलाइट वापरतात तेच मुळी ऑक्साइड विरघळवायला, आणि धातूच्या ॲनोडला वाचवणारं कवचही ऑक्साइडचंच! निकेल फेराइटचे सर्मेट (सिरॅमिक आणि धातूचं मिश्रण) घ्या की तांबं-निकेल-लोखंडाचे मिश्रधातू, हळूहळू सगळेच विरघळतात. ते निकेल-लोखंड मग ॲल्युमिनिअममध्येच उतरतं. कार्बन निदान वायू होऊन निघून तरी जातो.

धातुवेडा
म्हणून तर ॲल्युमिना कायम संपृक्ततेजवळ, म्हणजे विरघळेल तितका जवळजवळ पूर्ण, ठेवायचा आणि तापमान उतरवायचं, झीज मंदावते. अल्कोआ आणि रिओ टिंटो यांनी २०१८ मध्ये अशा ॲनोडसाठी एलिसिस ही कंपनी उगाच काढली नाही.

युनिटवाला
ती कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आहे. धरणांची वीज. माझंच म्हणणं झालं.

पॉटरूम
तापमान उतरवलं की ॲल्युमिनाही कमी विरघळतो आणि तळाशी गाळ साचतो. कारखान्यातल्या मोठ्या सेलमध्ये (वितळवण्याच्या टाकीत) वर्षभर चालवून धातूत निकेल-लोखंड किती उतरलं ते दाखवा, मी तुमच्या बाजूने येतो.