चर्चा : निर्वासित म्हणून कॅनडाला जायचंय, तर सोडलेल्या देशाचा पासपोर्ट नवा करावा का?

केळशीकर :
दापोलीला शेतीशास्त्र शिकायला आलेलं एक अफगाण जोडपं माझ्या ओळखीचं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि त्यांची परतीची वाट बंद झाली. मुलगा इथेच जन्मला. यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, तिच्या दिल्लीच्या कार्यालयाने त्यांना निर्वासित म्हणून कार्ड दिलंय आणि कॅनडातला एक गट त्यांना खासगी प्रायोजक म्हणून बोलवायला तयार आहे. आता नवऱ्याच्या पासपोर्टची मुदत संपत आलीय. जो भेटतो तो सांगतो, मुंबईच्या अफगाण वकिलातीत जा आणि नवा करून घे. माझं मत आहे, अजिबात जाऊ नये.

ती वकिलात आज कोणाच्या हातात आहे बघा. दिल्लीतला जुन्या सरकारचा दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाला. मुंबईत जुन्या सरकारने नेमलेल्या महावाणिज्यदूत मे २०२४ मध्ये पायउतार झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तालिबानने तिथे आपला माणूस नेमला. आणि या जोडप्यातली बायको काबूलमध्ये मुलींना शिकवायची. ज्यांच्या भीतीने परत जाता येत नाही, त्यांच्याच खिडकीवर जाऊन अर्ज द्यायचा? अर्जासोबत ताजकिरा, म्हणजे त्यांचं ओळखपत्र, दाखवायचा. त्यावर वडिलांचं आणि आजोबांचंही नाव असतं. त्यांची माणसं अजून तिथे आहेत हो.

दाभोळखाडी :
केळशीकर, तुमची कळकळ समजते, पण सल्ला पटत नाही. आमच्या खाडीपट्ट्यातली निम्मी घरं आखातावर उभी राहिली. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझे चुलते तिथे होते आणि त्यांचा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे कामावर बोलावून घेणाऱ्या मालकाच्या, कपाटात. कफील पळून गेला. जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक चौकीवर त्यांना ‘तू कोण?’ हे पटवून द्यावं लागलं. घरी पोहोचले ते वेगळेच होऊन. तेव्हापासून आमच्या घरात एकच नियम आहे : कागद जिवंत ठेवायचा. सरकार कोणाचंही असो, पासपोर्ट माणसाचा असतो. उद्या कॅनडाचं काम फिसकटलं तर मुदत संपलेलं पुस्तक घेऊन हा माणूस काय करणार?

वकीलताई, रत्नागिरी :
दाभोळखाडी, तुमचे चुलते भारतीय होते आणि भारत सरकार त्यांना आणायला निघालं होतं. इथे स्वतःच्या राज्यकर्त्यांचीच भीती आहे, म्हणून गणित उलटं होतं.

१९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम १क मध्ये पहिलंच कारण आहे : माणसाने आपल्या देशाचं संरक्षण स्वेच्छेने पुन्हा घेतलं तर त्याचं निर्वासितपण संपतं. यूएनएचसीआरच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की राष्ट्रीय पासपोर्ट मागून घेतला किंवा नवा केला, तर विरुद्ध पुरावा नसेपर्यंत तसा हेतू होता असं गृहीत धरलं जातं. कॅनडात याचा फटका मोठा बसतो. २०१२ च्या कायद्यापासून तिथे या कारणाने निर्वासित दर्जा गेला तर कायम वास्तव्यही जातं. म्हणजे पोहोचल्यावर, घर मांडून झाल्यावरसुद्धा हा प्रश्न मागे लागू शकतो.

दुसरी बाजूही सांगते, कारण उगाच घाबरवायचं नाही. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने एका कोलंबियन बाईच्या प्रकरणात सांगितलं की नुसता पासपोर्ट घेतला एवढ्यावर निकाल देऊ नका. तिला परिणाम ठाऊक होते का, तो कशासाठी घेतला, कसा वापरला, हे बघा. म्हणून ज्यांनी आधीच नूतनीकरण केलंय त्यांचं सगळं संपलं असं नाही. त्यांनी ते लपवू नये, कारण लेखी द्यावं.

पण मुळात या कुटुंबाला पासपोर्टची गरजच काय? ज्यांच्याकडे तो नसतो त्यांना कॅनडा एकाच प्रवासापुरतं कागदपत्र देतो. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समितीही १९४५ पासून अशा लोकांना आपत्कालीन प्रवासपत्र देत आलीय. खरी अडचण इथून निघताना येते. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे यूएनएचसीआरच्या कार्डाने व्हिसा मिळत नाही. निघण्याआधी एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाची, बाहेर जाण्याची परवानगी लागते, व्हिसाची मुदत उलटून राहिल्याचा दंड भरावा लागू शकतो. आपली शक्ती तिथे लावा.

आंजर्ल्याचा घरमालक :
मी भाडेकरू ठेवतो म्हणून सांगतो. परदेशी माणूस घरात आला की त्याची माहिती सरकारी फॉर्मात भरून द्यायची, त्यात पासपोर्ट नंबर आणि व्हिसा लागतो. मुदत संपलेली दिसली की मालक घाबरतो, पोलीस चौकशीला येतात. तत्त्वं ठीक, पण आज रात्री झोपायचं कुठे?

केळशीकर :
तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्यांना ते रोज भोगावं लागतंय. म्हणूनच मुदत संपण्याआधी आम्ही एसपी ऑफिसातल्या परदेशी नागरिक शाखेत कार्डासह लेखी अर्ज देऊन पोच घेणार आहोत. तुमच्यासारख्या मालकांना दाखवायला निदान तेवढा शिक्का असेल. कॅनडाचं काम फिसकटलं तरी नव्या पासपोर्टवर ते जाणार कुठे? काबूललाच ना?

परटवणे :
आपल्या रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांच्या कैदेत १८८६ पासून १९१६ ला मरेपर्यंत अडकून राहिला. ज्यांनी राज्य घेतलं, बाहेर पडायची परवानगीही त्यांच्याकडेच मागायची होती. मी केळशीकरांच्या बाजूने.

दाभोळखाडी :
ताई, कलम १क बद्दल मला माहिती नव्हती, ते मान्य. तरी मुलाचं काय? तो दापोलीत जन्मला, पण १९८७ नंतर इथे जन्मून भारतीय व्हायला आईबापांपैकी एकजण तरी भारतीय लागतो. तो कायद्याने अफगाण आणि हातात अफगाण कागद एकही नाही. निदान त्याच्या नावाने तरी वकिलातीत जावं असं मला अजून वाटतं.

वकीलताई, रत्नागिरी :
मुलासाठी गेलात तरी नाव आईबापाचंच सांगावं लागणार. नगरपंचायतीचा जन्मदाखला काढा, त्यावर आईबापांची नावं यूएनएचसीआरच्या कार्डावर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर, लिहून घ्या. आडनावात फरक असेल तर आत्ताच दुरुस्ती करा, मुलाखतीची तारीख आल्यावर धावपळ होते. आणि कोणी एजंट ‘पासपोर्ट करून देतो, नंबर वर लावतो’ म्हणत आला तर त्याला उभं करू नका. यूएनएचसीआर कुठल्याच कामाचे पैसे घेत नाही, आणि एक खोटा शिक्का सापडला तर फाईल तिथेच थांबते.

दाभोळखाडी :
दाखल्याचं काम मी करून देतो, नगरपंचायतीत ओळख आहे. वकिलातीबद्दल माझं मत मात्र तेच आहे.