स्क्रिप्टमधली लॉक फाइल उडवणारी ओळ आता काढली तर चालेल का? (डेबियन १३, ॲप्ट ३.०)

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी. कामाच्या ठिकाणची काही डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीन्स नुकतीच माझ्या गळ्यात पडली आहेत. मशीन सुरू झालं की एक स्क्रिप्ट चालते आणि ॲप्ट-गेटने (ॲप्ट या पॅकेज मॅनेजरची स्क्रिप्टसाठीची कमांड) काही पॅकेजं अपग्रेड करते. तिच्यात सगळ्यात वर, आधीच्या माणसाने लिहिलेली एक ओळ आहे: डीपीकेजीच्या (ॲप्टच्या हाताखाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम) फोल्डरमधल्या 'लॉक' आणि 'लॉक-फ्रंटएंड' या दोन्ही फाइल्स आरएम कमांडने उडवायच्या. एका वेळी एकानेच पॅकेजं बदलावीत म्हणून त्या असतात, एवढं माहीत आहे. शेजारी कॉमेंट: "काढू नये, नाहीतर अधूनमधून अडकतं."

आता १२ वरून १३ वर आलो, म्हणजे ॲप्ट २.६ वरून ३.० झालं. आमच्या नोंदवहीत त्याबद्दल एवढंच लिहिलंय: "पॅकेज मॅनेजर: दोषदुरुस्ती व सुधारणा." त्यात हा लॉकचा घोळ मिटला का? ओळ काढू की राहू देऊ? राहिली तर बिघडतं का काही?

जुनाखटारा:
बिघडतं. आजच काढा.

ती फाइल म्हणजे लॉक नव्हे. उघडून बघा, आत काहीच नाही, शून्य बाइट. ॲप्ट चालू असो वा नसो, ती तिथेच पडून असते. खरं लॉक कर्नलकडे (सिस्टमच्या गाभ्याकडे) असतं: चालू प्रोसेस ती फाइल उघडून त्यावर लॉक मागते आणि प्रोसेस संपली, अगदी मेली, तरी कर्नल ते आपोआप सोडतो. त्यामुळे "जुनं लॉक राहून गेलंय" हा प्रकार इथे होतच नाही. लॉक मिळालं नाही याचा अर्थ या क्षणी कोणीतरी खरोखर काम करतंय.

आता तुम्ही फाइल उडवली. पहिल्या प्रोसेसच्या हातातली फाइल नाव गेलं तरी जिवंतच आहे, तिचं लॉकही शाबूत. तुमची स्क्रिप्ट त्याच नावाची नवी फाइल तयार करते, तिच्यावर लॉक मागते, आणि ते अर्थातच मिळतं. आतून कडी लावलेलं दार चौकटीसकट काढून नवं बसवावं, तसं झालं हे. आतला माणूस आतच आहे.

पुढे काय होतं ते जास्त वाईट. कुठलं पॅकेज कुठल्या अवस्थेत आहे ही सगळी माहिती 'स्टेटस' नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत असते. डीपीकेजी ती सुरुवातीला वाचतं आणि शेवटी नवी प्रत लिहून जुनीच्या जागी ठेवतं. दोघं एकाच वेळी हेच करत असतील तर ज्याने शेवटी ठेवली त्याची प्रत टिकते. दुसऱ्याने बसवलेल्या फाइल्स डिस्कवर आहेत, पण डीपीकेजीला त्या पॅकेजचा पत्ताच नाही, अशी अवस्था. एरर लगेच येतही नाही. येते ती पुढच्या कधीतरीच्या अपग्रेडला, आणि तेव्हा मूळ कारण कोणाच्या डोक्यातही येत नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ही दुरुस्ती ३.० मधली नाहीच. पूर्वी ॲप्ट 'लॉक' पकडायचं, पण डीपीकेजीला कामाला लावण्याआधी त्याला ते सोडावं लागायचं, कारण डीपीकेजीला स्वतःलाच तेच लॉक हवं असतं. मोठ्या अपग्रेडमध्ये डीपीकेजी पुन्हा पुन्हा चालतं, आणि दर वेळी मधे एक फट राहायची. त्या फटीत दुसरा कोणी घुसला की पहिल्याचं अपग्रेड अर्ध्यात लटकलं. २०१८ मध्ये 'लॉक-फ्रंटएंड' आलं ते यासाठी: ते ॲप्ट शेवटपर्यंत सोडत नाही, डीपीकेजीला फक्त कळवतं की "बाहेरचं लॉक माझ्याकडे आहे". मग मार्च २०२० च्या २.० मध्ये वाट बघणं आलं. टर्मिनलवर बसून 'ॲप्ट' चालवलं तर लॉक मोकळं होईपर्यंत ते थांबतं, टर्मिनल नसेल तर १२० सेकंद. म्हणजे तुमच्या १२ वरही ती ओळ फक्त नुकसानच करत होती.

पण ॲप्ट-गेट मुळात थांबत नाही, आणि स्क्रिप्टमध्ये ॲप्ट-गेटच वापरायचं असतं. म्हणून 'ओ' पर्यायात डीपीकेजी-लॉक-टाइमआउट द्या, समजा ३००. तेवढ्या वेळातही लॉक मिळालं नाही तर स्क्रिप्टला लॉग लिहून गुमान थांबू द्या.

आणि नोंदवहीवर विसंबू नका. 'ॲप्ट चेंजलॉग ॲप्ट' चालवा, तिथे ओळीओळीने लिहिलेलं असतं.

मध्यरात्र:
+१. "अधूनमधून" का होतं तेही सांगतो. ॲप्ट-डेली आणि ॲप्ट-डेली-अपग्रेड असे दोन सिस्टमडी टायमर (ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणारे) असतात. अपग्रेडवाल्याची वेळ सकाळी ६ ची, वर तासाभरापर्यंतचा रँडम उशीर. मशीन तेव्हा बंद असेल तर चुकलेली पाळी मशीन सुरू झाल्यावर भरून काढली जाते. नेमकी तेव्हाच तुमची स्क्रिप्ट धावते. 'फ्यूजर -व्ही' लावा लॉक-फ्रंटएंडवर, कोण बसलंय ते दिसेल.

टर्मिनलप्रेमी:
जरा विषयांतर, पण ३.० मधल्या रंगांचं काय करायचं? सुधारणा म्हणे. मला तो ख्रिसमसचा झगमगाट नको. पॅकेजं रकान्यांत मांडतात, तेही डोळ्यांना सवयीचं नाही.

जुनाखटारा:
नो-कलर व्हेरिएबल सेट करा, रंग जातील. पण लाल तेवढा असू द्यावा असं माझं मत. काढली जाणारी पॅकेजं आता लाल रंगात आणि यादीच्या शेवटी येतात, अगदी हो-नाहीच्या प्रश्नाजवळ. पूर्वी ती मधेच कुठेतरी हरवायची.

२०२१ च्या नोव्हेंबरात आलेला तो व्हिडिओ आठवतोय? पॉप ओएसवर (ॲप्ट वापरणारं आणखी एक लिनक्स) स्टीम हे गेम्सचं ॲप टाकताना एकाचं अख्खं डेस्कटॉप गेलं. ॲप्टने इशारा दिला होता, वर "यस, डू ॲज आय से!" असं अख्खं वाक्य टाइप करायला लावलं. त्याने ते केलं. चूक पॅकेजिंगची होती, पण ॲप्टवाल्यांनी त्याच महिन्यात २.३.१२ मध्ये ते वाक्यच काढून टाकलं. आता अत्यावश्यक पॅकेज काढायचं असेल तर वेगळा पर्याय मुद्दाम लिहून द्यावा लागतो. प्रश्न विचारला की माणूस 'हो' म्हणतोच, हे त्यांनी ओळखलं. मला विचाराल तर नव्या रंगांपेक्षा ती सुधारणा दसपट मोलाची.

कोरीपाटी:
ओळ काढली, टाइमआउट ३०० ठेवला. फ्यूजरमध्ये अनअटेंडेड-अपग्रेड्सच (त्या टायमरवर आपोआप अपग्रेड करणारा प्रोग्राम) दिसलं, मध्यरात्र यांचा अंदाज बरोबर. आता एक शंका: इतकी वर्षं ती ओळ चालली, त्याचं नुकसान कुठे झालंय का ते कसं तपासू?

जुनाखटारा:
आधी 'डीपीकेजी --ऑडिट'. काही छापलं नाही तर अर्धवट राहिलेलं काही नाही. छापलं तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'ॲप्ट-गेट चेक'. नोंदच गायब झालेलं पॅकेज मात्र ऑडिटमध्ये दिसणार नाही. त्यासाठी डीपीकेजीचा लॉग आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी शेजारी ठेवून बघा: लॉगमध्ये 'इन्स्टॉल्ड' आहे, नंतर कधी काढल्याचं नाही, आणि यादीत नाव नाही, तर ते पॅकेज परत बसवा.

कोरीपाटी:
एका मशीनवर ऑडिटने एक पॅकेज दाखवलं, 'हाफ-कॉन्फिगर्ड'. कॉन्फिगर चालवल्यावर गेलं. बाकीच्यांचे लॉग आता बघायला घेतो.