वजन उतरल्यानंतर वाढलेली भूक : संप्रेरके की निर्धाराचा अभाव?

सायली_क :
गेल्या वर्षी दहा महिन्यांत माझे वजन ८४ किलोंवरून ७१ किलोंवर आले. त्यानंतरच्या पाच महिन्यांत मात्र त्यातले साडेचार किलो परत आले आहेत. वजन जास्त होते तेव्हा रात्रीचे जेवण झाले की खाण्याचा विषय संपत असे. आता जेवून तास होत नाही तोच मी स्वयंपाकघरात जाते आणि डब्याचे झाकण हातात आल्यावर आपण काय करतो आहोत हे लक्षात येते. थायरॉईडची तपासणी केली, टीएसएच २.१ म्हणजे सामान्य आले. घरचे म्हणतात, निर्धार कमी पडतो. वजन उतरल्यावर भुकेची संप्रेरके खरोखर बदलतात का, आणि बदलत असतील तर ती किती काळाने पूर्ववत होतात?

पेशीजाल :
बदलतात, आणि पूर्ववत व्हायला अपेक्षेपेक्षा बराच अधिक काळ लागतो. लेप्टिन चरबीच्या पेशींतून स्रवते आणि साठा किती आहे याची खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला देते. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले, तेव्हा लठ्ठपणावर रामबाण इंजेक्शन सापडल्याची हवा झाली होती. जन्मतःच लेप्टिन न बनणाऱ्या मोजक्या मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरले. परंतु बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात ते मुळातच भरपूर असते आणि मेंदू त्याला दाद देत नाही, त्यामुळे वरून दिलेल्या लेप्टिनचा फारसा उपयोग झाला नाही. माझ्या मते माणसाला सडपातळ ठेवणे हे या संप्रेरकाचे काम नव्हेच. साठा घटला की ओरड करणे हे त्याचे काम आहे, आणि ते काम ते चोख करते.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला होता आणि त्यांचे वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरले, म्हणजे जवळजवळ तुमच्याइतकेच. वर्ष उलटून काही किलो परत आल्यानंतरही त्यांचे लेप्टिन मूळ पातळीच्या खाली होते, जठरातून स्रवणारे आणि भूक चेतवणारे घ्रेलिन वर होते, आणि भूकही आधीपेक्षा अधिक होती. डब्यापर्यंत तुमचा हात जातो त्यामागे हे आहे, असे घरी सांगायला हरकत नाही.

तराजू :
वरील माहिती योग्य आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. संप्रेरके भूक वाढवतात, शरीराचा ऊर्जेचा खर्च थोडा घटवतात. पण चरबी साठते ती शेवटी खाल्लेल्या अन्नातूनच, आणि 'माझे हार्मोन्स बिघडले आहेत' असे एकदा ठरवले की माणूस मोजमाप सोडून देतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिले आहे. थायरॉईड मंदावल्याने वाढणारे वजनसुद्धा बहुधा दोन ते चार किलो असते, आणि त्यातही पाणी व क्षार यांचाच वाटा मोठा. सायलीताई, तुम्ही किती वेळ झोपता हे लिहिलेले नाही. २००४ च्या एका लहानशा प्रयोगात बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले. दोन रात्रींवरून वर्षाचा हिशेब मांडता येत नाही, हे मान्य, तरी विचारतो.

अर्धविराम :
नव्या औषधांचा उल्लेख झाला नाही म्हणून लिहिते. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते आणि 'पुरे' असा संदेश देते, पण रक्तात ते दोन-एक मिनिटांत निम्मे होते. त्याची नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाईड या औषधाची रचना अशी केलेली आहे की तेवढीच घट व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा पुरते. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. तथापि औषध थांबवलेल्यांच्या बाबतीत वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. मळमळ, उलट्या होतात त्या वेगळ्याच. हे औषध घ्यायचे की नाही ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. मला त्यातून कळले ते इतकेच की, बाहेरून दिलेला संदेश बंद झाला की शरीर आपला जुना हट्ट पुन्हा धरते.

सायली_क :
सर्वांचे आभार. तराजू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मलाच चमकल्यासारखे झाले. चालायला वेळ मिळावा म्हणून मी गेल्या वर्षीपासून पहाटे साडेचारचा गजर लावते आणि झोपायला मात्र पूर्वीसारखेच साडेअकरा होतात.