मदत हवी आहे: बदलीच्या घाईत फ्लॅट विकतोय, भाव किती सोडायचा?

नमस्कार मंडळी, फोंड्याला आमचा टू बीएचके आहे, मिस्टरांची पुण्याला बदली झालीय आणि कंपनी पॅकर्स-मूव्हर्स, तिकडचं महिनाभराचं राहणं आणि फ्लॅट विकला की एजंटची दलाली असं सगळं देणार, पण अट एकच, 3 महिन्यांत विक्री व्हायला हवी. आता एजंटनेच येईल त्याला सांगून टाकलंय की ह्यांना कंपनी हलवतेय (शहाणाच!), मग काय, परवा एकजण आला, बाल्कनीच्या भिंतीचा ओल आलेला पोपडा नखाने खरवडत म्हणतो, 58 कसले, 52 ला द्या, दलाली तर कंपनी भरतेय ना तुमची! अहो, दलाली 2 टक्के धरली तरी सव्वा लाखाच्या आतच, त्यासाठी 6 लाख सोडायचे? वर 50 लाखांपुढे घेणारा 1 टक्का टीडीएस कापणार, तो नंतर रिटर्नमध्ये जुळवायचा.

कोणी असं केलंय का? मुदत गेली तर जाऊ दे म्हणून सध्या भाड्याने द्यावा आणि चवथीनंतर नीट गिऱ्हाईक बघावं का? आणि कंपनीने दिलेली दलाली पगारात धरून टॅक्स कापतात का हो?