फुकट क्रीमचा हिशेब

‘पोरी हौसेनं रील करतात, त्याचे कसले पैसे?’ असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. माझ्या भाचीला एका कंपनीनं क्रीमची डबी पाठवली. बदल्यात दोन रील, चार स्टोऱ्या, शिवाय महिनाभर कमेंटना उत्तरं. याला म्हणे ‘बार्टर कोलॅब’, म्हणजे पैशांऐवजी वस्तू घेऊन जाहिरात! अख्खा रविवार शूटिंग-एडिटिंगमध्ये गेला (संध्याकाळची भांडी अर्थात तिनंच घासली). गंमत म्हणजे आयकर खात्याला हे काम दिसतं. जुलै २०२२ पासून नियम आहे (तेव्हाचं कलम १९४आर) : एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या आणि ठेवून घेतल्या, तर १० टक्के टीडीएस (मोबदला देतानाच कापायचा कर). सरकारदरबारी मोबदला, कंपनीच्या लेखी मात्र ‘एक्सपोजर’, म्हणजे नुसती प्रसिद्धी. परवा भाचीनं कंपनीला रेट कार्ड, म्हणजे आपल्या कामाचे दर, पाठवलं. अजून उत्तर नाही.