तीस हजारांत गेमिंग पीसीचं आधी काय बदलायचं? माझं मत: एसएमपीएस

वाघूरकाठ

माझा आतेभाऊ अमळनेरला राहतो, डिप्लोमाला आहे. गेल्या कापूस हंगामात त्याने जिनिंगच्या काट्यावर बसून पावत्या फाडल्या आणि तीस हजार रुपये जमवले. आता त्याला पीसी अपग्रेड करायचाय. सध्या आहे तो असा: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, फुल एचडी ६० हर्ट्झ मॉनिटर आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा. दुकानदाराने सांगितलं, सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घाल. मी म्हणतोय, पहिले पाच-सहा हजार एसएमपीएसचे बाजूला काढ, मग उरलेल्याचा विचार कर. घरात यावरून दोन दिवस वाद चाललाय.

माझं मत अंगावर बेतल्यावर झालेलं आहे. २०२३ च्या मे महिन्यात, जळगावला, मी हेच केलं होतं. माझ्याकडेही १६५० होतं. त्याला वेगळी वायर लागायची नाही, स्लॉटमधून ७५ वॅट मिळाले की भागायचं. त्याच्या जागी आरएक्स ६६०० आणलं. त्याला आठ पिनची वायर लागते आणि माझ्या एसएमपीएसला ती नव्हतीच. दुकानातून एक कन्व्हर्टर मिळाला, जुन्या हार्ड डिस्कच्या दोन चारपिनी वायरी जोडून आठ पिन करणारा. तीन आठवडे मस्त चाललं. मग भर दुपारी खेळताना पीसी धाडकन बंद व्हायला लागला. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, लाइट गेल्यासारखा गप्प. चौथ्या दिवशी जळका वास आला. कॅबिनेट उघडलं तर कन्व्हर्टरचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरीच्या बाजूने तपकिरी होऊन वाकलेलं. वायर ओढली तर हातात आली, पिन आतच चिकटून राहिली. कार्ड वाचलं, मदरबोर्ड गेला.

नंतर त्या एसएमपीएसचं लेबल नीट वाचलं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात. बाकीचे वॅट कागदावर असून त्यांच्या काहीच कामाचे नाहीत. शिवाय आत एक कपॅसिटर (वीज थोडी साठवून ठेवणारा भाग) डोक्यावर फुगलेला होता. कपॅसिटर दहा अंशांनी जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते इथल्या कोणाला सांगायला नको.

म्हणून म्हणतो, पोराने काट्यावर बसून कमावलेले पैसे अशा पायावर ठेवू नयेत. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासह लिहा.

पांझराकाठ

बोर्ड गेला याचं वाईट वाटलं, पण मला पटलेलं नाही. तुमची सगळी हकिगत त्या कन्व्हर्टरविरुद्ध आहे. ग्राफिक्स कार्ड आधी घेण्याविरुद्ध त्यात काही नाही. तो कन्व्हर्टर कोणी देऊच नये आणि कोणी लावूच नये, एवढं मान्य.

आता हिशोब बघा. आरएक्स ६६०० जास्तीत जास्त १३२ वॅट घेतं, आरटीएक्स ४०६० तर ११५. रायझन २६०० म्हणजे ६५ वॅटचा प्रोसेसर. पंखे, डिस्क, सगळं धरून अडीचशेच्या वर काही जात नाही. चांगल्या कंपनीचा साधा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. पण ‘आधी एसएमपीएस’ म्हटलं की माणसं गोल्ड शिक्का, प्लॅटिनम शिक्का, ७५० वॅट करत दहा हजारांवर जातात आणि कार्डाला पैसे उरत नाहीत. धुळ्यात माझ्या डोळ्यांसमोर दोघांनी असंच केलं. आज दोघांकडे भारी एसएमपीएस आहे आणि त्यावर १६५० चालतंय.

गेम दिसतो तो ग्राफिक्स कार्डामुळे. १६५० सारखं चार जीबी मेमरीचं कार्ड आजच्या मोठ्या गेमला पुरत नाही. टेक्स्चर, म्हणजे चित्रातला बारकावा, मीडियमवर ठेवलं तरी अडखळतं. तीस हजारांतले वीस-बावीस तिथेच गेले पाहिजेत.

वाघूरकाठ

७५० वॅट मीही म्हणत नाहीये. आणि गोल्ड-ब्राँझवर जाऊही नये. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतले संरक्षणाचे सर्किट कसे आहेत ते त्यावरून कळत नाही. त्याची चाचणीही २३ अंशांच्या खोलीत होते. ४० अंशांना पूर्ण लोड पेलेल असं पत्रकावर स्पष्ट लिहिलेलं मॉडेल बघावं, एवढाच माझा आग्रह. रक्कम पाच हजार असो की साडेचार, क्रम तोच.

केळीबाग

मी रावेरचा. तुम्ही दोघंही मूळ प्रश्न सोडून बोलताय. तो पोरगा खेळतो काय, हे कोणी विचारलंच नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक असेल तर कार्ड बदलून फारसं काही मिळणार नाही. हे गेम प्रोसेसरवर अडतात. २६०० हा २०१८ चा प्रोसेसर आहे, त्यात ८ जीबीची एकच पट्टी, म्हणजे रॅम एका चॅनेलवर. दुपदरी रस्त्याचा एक पदर खणून ठेवलाय. दुसरी पट्टी टाकली तरी झटके कमी होतात, हे मी माझ्याच मशीनवर पाहिलंय.

बी४५० चा मोठा फायदा असा की बहुतेक बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला की रायझन ५ ५६०० हा नवा प्रोसेसर बसतो. मदरबोर्ड बदलायचा नाही, प्रोसेसरवरचा कूलर बदलायचा नाही. माझं मत: प्रोसेसर आणि रॅम आधी. आणि रॅम लगेच घ्या, वाट बघू नका. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढायला सुरुवात केली आणि भाव चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मागच्या वर्षी ज्या पट्टीकडे आपण बघतही नव्हतो, ती आज विचार करून घ्यावी लागते.

बायोस अपडेट मात्र लाइट कधी जाते ते वेळापत्रक बघून करा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड उठत नाही. आमच्याकडे एकाने भारनियमनाच्या दहा मिनिटं आधी सुरू केलं होतं.

पांझराकाठ

केळीबाग भाऊ, ५६०० टाकला आणि कार्ड १६५० च ठेवलं तर मोठे गेम जिथे होते तिथेच राहतील. तो काय फक्त व्हॅलोरंट खेळणार आहे का आयुष्यभर?

एक सावधगिरी मात्र मीच सांगतो, कारण माझ्या बाजूचे लोक इथे फसतात. बी४५० ला कार्ड खोचायला तिसऱ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट आहे. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते डेटा ये-जा करायच्या चारच लेन वापरतं आणि त्यातही चार जीबीचं आहे. या बोर्डावर ते चांगलंच मार खातं. ६६०० आणि ४०६० आठ लेन वापरतात, तिथे फरक फार पडत नाही.

नंदनगरी

मी नंदुरबारहून लिहितेय. दोन वर्षं ६० हर्ट्झवर खेळले, मग १४४ हर्ट्झ मॉनिटर घेतला. सगळ्या चर्चेत मॉनिटरचं नावही नाही, याचं मला नवल वाटतं. मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवणार असेल, तर आत दीडशे तयार होऊन उपयोग काय? माउसची हालचाल थोडी लवकर पोचते, तेवढंच. मी मॉनिटर बदलला त्या संध्याकाळी पीसीतला एक स्क्रूसुद्धा हलवला नव्हता, तरी निशाणा पहिल्यांदा डोळ्यांच्या वेगाने सरकला.

दुसरं म्हणजे, कार्ड तीन-चार वर्षांत जुनं होतं. मॉनिटर दोन पीसी पाहतो. उन्हाळ्यात तो खोलीही तेवढी तापवत नाही. माझ्या हातात तीस हजार असते तर मी मॉनिटर आणि रॅमची पट्टी घेतली असती आणि कार्डासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबले असते.

तीन_फेज

बठ्ठासनं (सगळ्यांचं) म्हननं बरोबर शे, पन पहिले अर्थिंग देखा!

मी यावल तालुक्यात वायरमनचं काम करतो, गेम खेळत नाही. पण लोकांचे कॉम्प्युटर जळाले की बोलावणं मला येतं. ज्या घरी जातो तिथे पहिला प्रश्न विचारतो: कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी हात लावला की झिणझिण्या येतात का? निम्म्या घरांत हो म्हणतात आणि हसतात. ही हसण्याची गोष्ट नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांचं मधलं टोक पत्र्याला जोडलेलं असतं. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, उभं राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणूस वाचतो. पण मॉनिटरची किंवा डिश टीव्हीची वायर चालू मशीनला खोचली की तोच ताण पोर्टवाटे आत शिरतो आणि पोर्ट जातो. आणि आत इन्सुलेशन तुटून फेज पत्र्याला लागला, तर तेव्हा माणूसही वाचत नाही.

पाच हजारांचा एसएमपीएस आणला तरी शॉकपासूनची सुरक्षा त्या तिसऱ्या पिनीवर, म्हणजे अर्थिंगवर, उभी असते. अर्थिंगला खड्डा, मीठ-कोळसा, धातूची पट्टी आणि जाड वायर, एवढंच काम. एका सुट्टीच्या दिवसात होतं.

आणि व्होल्टेज. रात्रीच्या पाळीला शेतीपंप सुरू झाले की आमच्या भागात मीटरवर १८० सुद्धा पाहिलंय. ज्या एसएमपीएसवर १०० ते २४० लिहिलंय तो हे सहज सोसतो. मागे ११५-२३० चं लाल बटण असलेला जुना प्रकार सोसत नाही. भाऊ, तेवढं बटण आहे का बघा.

केळीबाग

अर्थिंगचं मला सुचलंच नव्हतं, खरं सांगतो. घरी जाऊन तपासतो.

त्याला जोडून यूपीएसचं सांगतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. खेळत बसायला तो नाही, शांतपणे बंद करायला आहे. काही एसएमपीएस चौकोनी लहरीच्या स्वस्त यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर गेले की बंद पडतात, म्हणून घेण्याआधी दुकानात दोन्ही जोडून, यूपीएसची वायर भिंतीतून काढून बघा.

वाघूरकाठ

काल अमळनेरला जाऊन आलो. भाऊ म्हणाला, मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि एकटा असला की जीटीए ५. दोन्ही चालवून आकडे घेतले. व्हॅलोरंटमध्ये कार्ड साठ टक्क्यांच्या पुढे जात नाही, फ्रेम (सेकंदाला तयार होणारी चित्रं) १४० वरून अचानक ८० वर येतात. जीटीएमध्ये कार्ड ९८ टक्के आणि रॅम आठपैकी साडेसात भरलेली. म्हणजे केळीबाग आणि पांझराकाठ, दोघांचंही म्हणणं एकाच मशीनवर खरं निघालं. फक्त गेम वेगळा.

मग एसएमपीएस काढला. हातात घेतल्यावर रिकाम्या डब्यासारखा हलका. लेबलवर १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे माझ्या जळक्याहूनही कमी. मागे लाल बटण आहे. कॅबिनेटच्या समोरच्या जाळीवर कापसाचा पांढरा थर बसलेला, घर जिनिंगपासून दोन गल्ल्यांवर आहे. चिमटीत धरून ओढला तर गोधडीच्या अस्तरासारखा अख्खा निघून आला. तो काढला आणि प्रोसेसर नऊ अंशांनी खाली आला, एक रुपया न घालता. खिडकीतला कूलर नेमका कॅबिनेटच्या तोंडावर होता, तोही फिरवायला लावला. बोअरच्या पाण्याचे क्षार पंख्याच्या पात्यांवर पांढरे दिसत होते.

माझं मत बदललेलं नाही, ते आणखी घट्ट झालंय. ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस आणि ८ जीबीची दुसरी पट्टी, हे नक्की. उरलेल्यात मॉनिटर की कार्ड, यावर भाऊ आणि मी अजून भांडतोय. तो नंदनगरी ताईंच्या बाजूने गेलाय.

पांझराकाठ

१२ व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे १९२ वॅट. त्यावर ६६०० लावा असं मीसुद्धा म्हणणार नाही. या मशीनपुरता एसएमपीएस आधी, मान्य. पण प्रत्येकाला तोच क्रम सांगू नका. ज्याच्याकडे आधीच बरा एसएमपीएस आहे त्याने कार्डच घ्यावं, हे माझं मत कायम आहे. भावाला सांगा, मॉनिटर घेतला तरी हरकत नाही, फक्त चार जीबीच्या कार्डावर १४४ हर्ट्झची अपेक्षा जीटीएकडून ठेवू नको. व्हॅलोरंटकडून ठेव.

नंदनगरी

हे बरोबर आहे, मीही तेव्हा तेच केलं होतं. मोठे गेम वर्षभर मीडियमवर खेळले.

तीन_फेज

वाघूरकाठ भाऊ, अर्थिंगचं लिहिलं नाही तुम्ही. पाहिलं का?

वाघूरकाठ

दादा, पाहिलं. टेबलामागचा बोर्ड उघडला. तीन भोकांचं सॉकेट आहे, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. पितळी स्क्रू नवाकोरा आहे, कधी पिळलेलासुद्धा नाही. आत्याने सांगितलं, घर बांधलं तेव्हापासून तसंच आहे. फ्रिजही त्याच लायनीवर आहे.

तीन_फेज

मग नवीन एसएमपीएस आला तरी खोक्यातच ठेवा, जोडू नका. आत्याबाईंना फ्रिजला ओल्या हाताने हात लावू देऊ नका, चप्पल घालायला सांगा. बल्ब लावून तपासायला स्वतः जाऊ नका, आधी गावातला जाणता वायरमन बोलवा. कोणी मिळालं नाही तर मी रविवारी सकाळी यावलहून निघतो. खड्ड्यासाठी न्हाणीजवळची ओली जागा बघून ठेवा.