पंच म्हणजे नेमके कोण?

फोंड्याची भाषांतरकार:
कायद्याच्या अंमलबजावणीत कोणाचे काम काय असते, हे गावकऱ्यांना कळावे म्हणून काढलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. तपास अधिकारी, सरकारी वकील, बेलीफ इथपर्यंत काम सुरळीत झाले आणि ‘जप्ती दोन पंचांच्या समक्ष केली जाते’ या वाक्यावर अडले. कच्चा मसुदा वाचलेल्या आमच्या वाड्यावरच्या पंच बाईंनी दारात उभे राहूनच मला विचारले, “म्हणजे पोलिसांनी कुठेही धाड घातली की आम्ही धावायचे? आणि दुसरा पंच विरोधी पॅनेलचा चालतो का?” गोव्यात पंच म्हणजे पंचायतीवर निवडून आलेला सदस्य, हे येथे सांगायला नको. मग पंचनाम्यातल्या पंचाला काय म्हणावे?

पुणेकर वाचक:
मुळात गोव्यातला हा प्रयोगच सैल आहे. महाराष्ट्रात त्याला ग्रामपंचायत सदस्य म्हणतात. पंच हा पंचनाम्याचा किंवा कबड्डीचा.

डिचोलीकर:
सैल म्हणण्याआधी थोडा विचार करावा. ज्याच्या नावापुढे ‘सर’ लागून सरपंच होतो, तो सदस्य पंच नाही तर कोण? ‘सरसदस्य’ असे तर आपणही म्हणत नाही. आमच्याकडे मुक्तीनंतर, १९६२ च्या विनियमाने ग्रामपंचायती आल्या. त्याआधी गावात सरकारचा माणूस म्हणजे रेजिदोर. माझे आजोबा त्याच्याकडून रहिवासाचा दाखला आणत आणि पोलिसांचा निरोपही बहुधा त्याच्याच तोंडून ऐकत. रेजिदोर गेला आणि पंच आले, त्यामुळे दाखल्यापासून भांडणापर्यंत सगळ्यासाठी पंचाकडे जाण्याची सवय लोकांना लागली. पंच बाईंचा प्रश्न म्हणूनच मला विनोदी वाटत नाही.

निवृत्त कारकून:
मी स्वतः एकदा पंच झालो आहे, पंचायतीचा नव्हे. बसथांब्यावर उभा होतो, तेव्हा एका हवालदाराने मला आणि शेजारच्या नारळवाल्याला बोलावून नेले. एका खोलीतून सापडलेल्या वस्तू आमच्यासमोर मोजल्या, कापडात बांधल्या, आमच्या सह्यांची चिठ्ठी गाठीखाली सरकवली आणि मेणबत्तीवर लाख वितळवून तीवर मोहोर उठवली. लाखेचा एक थेंब नारळवाल्याच्या अंगठ्यावर पडला, तरी पंचनाम्यावरची सही त्याने त्याच हाताने केली. पुढे दोन वर्षांनी न्यायालयात तेच गाठोडे समोर ठेवून मला विचारले, की मोहोर अभंग आहे का आणि सही तुमचीच का. चोरी कोणी केली हे मला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मला ते ठाऊक नव्हते. पंचाचे काम एवढेच: पोलिसांनी काय केले ते पाहणे.

शुद्धभाषाप्रेमी:
तर मग ‘साक्षीदार’ हा सरळ मराठी शब्द असताना घोळ कशाला?

डिचोलीकर:
त्यातला ‘दार’ फारसी आहे, हे आपल्या लक्षात आले नसावे. हवालदार, फौजदार, मामलतदार यांच्याच पंगतीत आपला साक्षीदार बसला आहे.

शुद्धभाषाप्रेमी:
तर ‘साक्षी’ म्हणा. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्यांना हे जमले, आपल्याला का जमू नये?

निवृत्त कारकून:
कारण साक्षीदार गुन्ह्याचा असतो आणि पंच कारवाईचा. दोघांना एकाच शब्दात कोंबले, तर पंच फितूर झाला म्हणजे नेमके काय झाले, हे कोणालाच कळणार नाही.

कायद्याचा विद्यार्थी:
गंमत अशी, की झडतीच्या कलमात ‘पंच’ हा शब्दच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये त्या भागातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी असे म्हटले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्येही तेच आहे. त्याच संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करण्यास सांगितले आहे. दोन माणसांना पंच म्हणायचे, ही आपल्या ‘पाचामुखी परमेश्वरा’ची कृपा.

फोंड्याची भाषांतरकार:
सर्वांचे आभार. तूर्त ‘पंचनाम्याचे पंच, म्हणजे परिसरातील दोन त्रयस्थ रहिवासी’ असे लिहिते. आता दुसरी अडचण: या सर्वांना मिळून ‘लॉ एन्फोर्समेंट’चे लोक म्हणायचे आहे. ‘अंमलदार’ लिहावे, तर महाराष्ट्रात पोलीस अंमलदार म्हणजे शिपाई ते सहायक उपनिरीक्षक असा अर्थ झाला आहे.

पुणेकर वाचक:
‘प्रवर्तन’ चालेल.

डिचोलीकर:
ते हिंदी पाटीवरून उतरवलेले आहे. आमची वर्तमानपत्रे त्याच ‘एन्फोर्समेंट’ला एका खात्यापुरते ‘सक्तवसुली’ म्हणतात. बेलीफाला सक्तवसुलीवाला म्हणून पाहा, तो दारातूनच परत जाईल. अंमलबजावणीच बरी. समन्स बजावतात ते दवंडीसारखे वाजवून कानावर घालायचे म्हणून, अशी माझी समजूत आहे.

कायद्याचा विद्यार्थी:
समजूत छान, पण व्युत्पत्ती तशी नाही. ‘बजा’ हे फारसीतले, म्हणजे जागच्या जागी. हिंदीत हुकूम बजा आणतात तेच. ढोलाचा संबंध नाही.

डिचोलीकर:
माझ्या आजोबांच्या काळी आमच्या गावात ढोल वाजवूनच हुकूम सांगत, एवढे मी म्हणेन.

शुद्धभाषाप्रेमी:
फारसीचा एवढा पुळका असेल, तर निदान ‘तालांव’ तरी सोडा. वाहतूक पोलिसाने ‘तालांव दिला’ असे आपल्या गोव्याच्या वर्तमानपत्रांत वाचले, की पुण्याचे पाहुणे विचारतात, तलाव दिला म्हणजे काय?

निवृत्त कारकून:
तालांव पोर्तुगीज ‘तालांव’वरून, म्हणजे पावतीपुस्तकाची स्थळप्रत. पोलीस दंडाची पावती फाडून आपल्याला देतो आणि स्थळप्रत त्याच्याकडे राहते, म्हणजे शब्दाप्रमाणे पाहिले तर आपल्याला जे मिळते ते तालांव नव्हेच. हेल्मेटबद्दल मला मिळालेला तो कागद अजून पाकिटात आहे. त्यावर मराठीत एकही शब्द नाही.

पुणेकर वाचक:
मग त्याला चलन म्हणायला काय हरकत आहे?

निवृत्त कारकून:
चलन बँकेत भरतात, साहेब. तालांव रस्त्यावर मिळतो.